पगार बंद झाला तिथपासून : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तरुणाचं प्रकरण

दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या घरच्यांबरोबर आम्ही काम करतो. या प्रकरणातला तरुण आमच्याकडे आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आणि लहानपणापासून फिट्स. घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं. वडील यंत्रमागावर होते, ते कोविडच्या आधीच वारले. आई विड्या वळते. मोठा भाऊ पुण्यात खाजगी नोकरीला, त्याचा संसार तिकडेच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला इथे चिन्ना म्हणते. या भागात घरोघरी धाकट्याला अशीच हाक मारतात. आईला सगळे अक्का म्हणतात, मीही.

अक्का २०२३ च्या दिवाळीनंतर आल्या त्या चिन्नाचा पगार बंद झाला म्हणून. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पैशाला इथे पगारच म्हणतात. तेव्हा महिन्याला १,५०० रुपये मिळायचे. ते काही महिने खात्यात आले नव्हते आणि एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाऊन अक्का थकल्या होत्या. प्रत्येक फेरीला विड्यांचं अर्ध्या दिवसाचं काम बुडायचं. "मॅडम, तेवढा पगार चालू करून द्या, बाकी आमचं आम्ही बघतो," म्हणाल्या.

त्या 'बाकी'मध्ये काय काय होतं ते घरी गेल्यावर दिसलं. अक्का वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात जात तेव्हा बाहेरून कडी लावून जात. चिन्ना स्वतःच्या डाव्या गालावर बुक्के मारायचा. गाल काळानिळा झालेला. त्यावर चालू केलेल्या मानसोपचाराच्या गोळ्या दोनदा वाढवून झाल्या होत्या, त्यामुळे तो दिवसभर पेंगायचा आणि रात्री जागायचा. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली त्यानंतर त्याचं बाहेर जाणं म्हणजे दवाखाना आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा.

हे सगळं लिहून काढावंसं वाटलं त्याला कारण आहे. चिन्नासाठी कागदावर बरंच काही होतं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, त्याच्या आधीचा १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा, दिव्यांगत्वाचं ७५ टक्क्यांचं प्रमाणपत्र, सरकारी दवाखाना, शहरात दिव्यांगांना काम देणारी कार्यशाळा. पण दवाखान्याला फक्त त्याच्या फिट्स माहीत, शाळेच्या लेखी तो पटावरून कमी झालेला मुलगा, आणि बँकेला न जुळणारा अंगठा. सगळा चिन्ना फक्त अक्कांना माहीत होता, आणि अक्कांना कोणी काही विचारत नव्हतं. आमचं काम तिथून सुरू झालं.

पगार

मुलाच्या आधारमधले बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने करून घ्यावी लागते. चिन्नाच्या पंधराव्या वर्षी वडील आजारी होते, ते राहून गेलं. शिवाय आडनाव : प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. तेलुगू आडनावं मराठीत लिहिताना असं सर्रास होतं. यात क्रम महत्त्वाचा ठरला. आधी आधार, मग त्याच नावानं दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी, मग बँक खात्याची जोडणी, आणि शेवटी योजनेकडे अर्ज. अक्का उलट्या टोकापासून सुरुवात करत होत्या, कारण त्यांना कोणी क्रम सांगितलाच नव्हता. डोळ्यांच्या यंत्रासमोर चिन्ना बसेना, म्हणून गर्दी व्हायच्या आधीची सकाळची वेळ मागून घेतली. तिथल्या मुलानं आधी अक्कांचे डोळे यंत्रात दाखवले, मग चिन्नाचे घेतले.

पगार सुरू झाला. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना तो २,५०० रुपये झाला आहे. पण पुढे जे करायचं होतं त्यात हा भाग सगळ्यात सोपा होता.

गाल

'मतिमंद आहे म्हणून मारून घेतो.' शेजारी, नातेवाईक, दवाखान्यातल्या रांगेतले लोक, सगळ्यांकडून मी हे एकच वाक्य ऐकलं. ज्याला दुखणं शब्दांत नीट सांगता येत नाही त्याच्या वागण्यात अचानक बदल झाला, तर आधी शरीरात कुठे काही दुखतंय का ते बघायचं असतं. कान, दात, पोट, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ. हे तपासल्याशिवाय वागणुकीवर गोळी द्यायची नसते. पण 'मतिमंद' हा शब्द एकदा कागदावर चढला की पुढच्या प्रत्येक तक्रारीचं कारण तोच होऊन बसतो.

चिन्ना कधी मारून घेतो, त्याच्या आधी काय घडतं, नंतर काय, याची नोंद आम्हाला हवी होती. यासाठी छापील तक्ता असतो. अक्कांनी तो परत केला. "मला लिहायला सांगू नका. मोजायला सांगा." विडी वळणाऱ्या बाईचा सगळा दिवस मोजण्यात जातो. मग त्यांनीच पद्धत काढली. तेंदूची पानं कापून उरलेलं कातरण होतंच. स्टीलचे तीन डबे घेतले : एक खाण्यापिण्याच्या वेळेचा, एक रात्रीचा, एक इतर वेळेचा. चिन्नानं गालावर मारलं की त्या त्या डब्यात एक तुकडा. आठवड्यानं डबे पालथे केले तर इतर वेळेच्या डब्यात तळाशी चार-दोन तुकडे, खाण्यापिण्याचा डबा निम्मा आणि रात्रीचा गच्च. शिवाय मोजता मोजता त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. गरम चहाचा घोट घेतला की हात लगेच गालाकडे जातो. दहीभात मात्र तो निमूट खातो, तोही फक्त उजव्या बाजूनं चावून.

ही नोंद घेऊन आम्ही मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ती नीट ऐकली, तिसऱ्यांदा गोळी वाढवली नाही आणि आधी तोंड तपासून आणायला सांगितलं. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांपुढे आजवर 'मारून घेतो' एवढे दोनच शब्द येत होते. त्यावर ते तरी वेगळं काय करणार?

तोंडात डावीकडची खालची दाढ मुळापर्यंत किडलेली होती. वर हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या. फिट्ससाठी तो लहानपणापासून फेनिटोइन घेत होता आणि त्या औषधानं हिरड्या वाढतात, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. अशा रुग्णाचे दात नियमित तपासायचे असतात. पण फिट्सचे डॉक्टर तोंड बघत नव्हते, आणि दातांच्या डॉक्टरकडे चिन्नाला कोणी नेलंच नव्हतं. तो तोंड उघडणार नाही, हे सगळ्यांनी न विचारताच ठरवून टाकलेलं.

दाढ भूल देऊन काढायची ठरली. दातांचे डॉक्टर, फिट्सचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ यांचं एकमेकांशी बोलणं होणं इथे गरजेचं होतं आणि ते आपोआप होत नाही. एक उदाहरण देते. भुलेच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, पाणीसुद्धा देऊ नका, एवढं अक्कांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की सकाळची फिट्सची गोळीही द्यायची नाही. ती गोळी चुकली असती तर टेबलावरच फिट येण्याचा धोका होता. आम्ही भूलतज्ज्ञांना थेट विचारलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं : सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच. त्याच भेटीत फिट्सच्या डॉक्टरांनी फेनिटोइन हळूहळू कमी करून दुसरं औषध लावायचं वेळापत्रक आखून दिलं.

त्या वेळी केलेला एक कागद आजही चिन्नाच्या पिशवीत असतो. एका पानावर मोठ्या अक्षरात 'माझी ओळख'. मला फिट्स येतात, ही माझी औषधं. मला मागून येऊन तोंडाला हात लावू नका. मास्क बघून मी घाबरतो, आधी तोंड दाखवा. हातात टॉवेल दिला की मी शांत बसतो. दुखलं की मी 'नोप्पी' म्हणतो, पुरे झालं की 'चालु', पाणी हवं असलं की 'नीळ्ळु'. नर्सबाईंनी तो कागद खाटेला चिकटवला. शुद्धीवर येताना चिन्ना हात झटकायला लागला तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी मास्क खाली ओढला आणि त्याच्या हातात टॉवेल दिला. मी तिथे उभी होते, पण मला काहीच करावं लागलं नाही.

गालावरचे बुक्के पुढच्या काही आठवड्यांत जवळजवळ थांबले. मानसोपचाराच्या वाढवलेल्या गोळ्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं उतरवल्या. दिवसा जागा असलेला चिन्ना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पेटीतली फाईल

दवाखान्याचे जुने कागद शोधताना अक्कांच्या पत्र्याच्या पेटीत एक फाईल निघाली. चिन्ना सहा वर्षांचा असताना नातेवाइकांच्या आधारानं त्या त्याला सिकंदराबादला राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेत घेऊन गेल्या होत्या. १९८४ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था, आता तिचं नाव राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था. तिथून घरी शिकवायचा कार्यक्रम तेलुगूत लिहून मिळाला होता : तोंड धुणं, शर्टाची बटणं, ताट पुसणं, प्रत्येकाच्या पायऱ्या चित्रांसह. अक्कांना तेलुगू वाचता येतं. त्यांनी तो कार्यक्रम इमानानं पुरा केला होता आणि फाईल जपून ठेवली होती. मराठी माध्यमाच्या विशेष शाळेत ती कधी कोणी मागितली नाही, आणि त्यांनाही ती दाखवायची असते हे माहीत नव्हतं. चित्र दाखवून एकेक पायरी शिकवली तर हा मुलगा शिकतो, ही सोळा-सतरा वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट पेटीतच राहिली. सोलापूरसारख्या चार भाषांच्या शहरात मुलाची चाचणी आणि शिकवणं त्याच्या घरच्या भाषेत झालं पाहिजे, हा आग्रह मी त्या दिवसापासून सोडलेला नाही.

बैठक

पुढे काय करायचं हे ठरवायला बैठक अक्कांच्याच घरी घेतली. अक्का, चिन्नाचे मामा, वस्तीतल्या आशाताई (आशा आरोग्य स्वयंसेविका), शाळेतल्या त्याच्या जुन्या बाई, पुण्याहून मोबाईलवर भाऊ, आणि चिन्ना. डॉक्टर येऊ शकले नाहीत, त्यांच्या चिठ्ठ्या आल्या.

सुरुवातीला सगळे चिन्नाच्या डोक्यावरून चिन्नाविषयी बोलत होते. भाऊ म्हणाला, एखाद्या वसतिगृहात ठेवू, खर्च मी देतो. त्याचा राग करू नये. पुण्यात दोन खोल्यांत राहणारा, आईचं वय डोळ्यांपुढे दिसणारा माणूस दुसरं काय सुचवणार? अक्कांनी तोंड फिरवलं. मामा म्हणाले, माझ्या गोदामात येऊन बसू दे. बाईंचं मत कार्यशाळेचं होतं. चिन्ना उठून दाराकडे चालायला लागला, तेव्हा बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि पर्समधून तीन फोटो काढून त्याच्यासमोर मांडले : घर, कार्यशाळा, मामांचं गोदाम. तिन्ही जागा त्यानं आधीच्या दिवसांत प्रत्यक्ष पाहिलेल्या होत्या, नुसत्या फोटोवरून विचारण्यात अर्थ नसतो. त्यानं गोदामाचा फोटो उचलला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

एकदा उचलला म्हणजे ठरलं, असं आम्ही धरलं नाही. वेगळ्या दिवशी, फोटोंची जागा बदलून, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा विचारलं. प्रत्येक वेळी गोदाम. मग त्यावर वाद उरला नाही. कायद्यानं दिव्यांग व्यक्तीला आपल्या आयुष्याचे निर्णय घेण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीनं दिला आहे. फारसं बोलता न येणाऱ्याच्या बाबतीत तो पाळायचा तर असा वेळ काढावा लागतो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायला हवा होता आणि तो आम्ही दिला.

डझन

मामांचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. माग एका शेडमध्ये, शिवण आणि पॅकिंग भिंतीपलीकडच्या गोदामात. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं : मागाजवळ नाही, उंचावर नाही, विस्तवाजवळ नाही. म्हणून काम पॅकिंगचं. गोदामातल्या कामगारांना आशाताईंनी आधी फिट आल्यावर काय करायचं ते शिकवलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, तोंडात चमचा-बिमचा काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. भिंतीवर हे मराठीत आणि तेलुगूत लावलं आहे.

टॉवेलची घडी चिन्ना चार दिवसांत शिकला, सिकंदराबादच्या फाईलसारखीच चित्रं काढून. अडचण डझनाची होती, कारण त्याला बारापर्यंत मोजता येत नाही. मामांकडच्या शिलाईवाल्या मावशींनी दोन तारा ताणल्या आणि वरच्या तारेवर कपडे वाळत घालायचे बारा चिमटे लावले. एक टॉवेल घडी झाला की एक चिमटा खालच्या तारेवर. वरची तार रिकामी झाली की चिन्ना टाळी वाजवतो आणि कोणीतरी येऊन गठ्ठा बांधतं. चूक क्वचितच होते.

पैशावरून मामांशी माझं वाजलं. "घरचाच पोरगा आहे मॅडम, जेवतो-खातो इथं, पैसे कशाला?" घरचा आहे म्हणून त्याचे कष्ट फुकट, हे मला मान्य नव्हतं. इतरांना डझनामागे जो दर, तोच त्याला, या अटीवरच मी पुढे गेले. मामा दोन दिवस फुगून होते, मग तयार झाले. त्याची कमाई फार नाही, कारण तो सावकाश करतो आणि अर्धाच दिवस जातो. मात्र एक हिशेब सतत ठेवावा लागतो : दिव्यांगांसाठी संजय गांधी योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची ५० हजार रुपयांची मर्यादा आहे. मुलगा कमवायला लागला तर पगार जाईल, या भीतीनं कितीतरी घरं मुलाला कामावर पाठवतच नाहीत. ही मर्यादा वाढायलाच हवी. तशी लेखी मागणी आम्ही पालकांच्या सह्यांनिशी केली आहे.

सही कोणाची

चिन्नाच्या खात्यासाठी बँकेनं पालकत्वाचा दाखला मागितला. अक्का चकित झाल्या : "मी आई आहे की!" अठरा वर्षं पुरी झाली की आई-वडीलही कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांना ठाऊक नसतं. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तिचा दाखला बँका ग्राह्य धरू शकतात, तसं रिझर्व्ह बँकेनंही कळवलेलं आहे. कोर्टात जावं लागत नाही.

तरी अर्ज करायची मी घाई केली नाही. आधी पाहिलं की पालकत्वाशिवाय काय काय चालतं. काम निवडणं, कपडे, कुठे जायचं, यांसाठी कोणाच्या सहीची गरज नाही, तिथे त्याचाच कल घ्यायचा. बँक आणि मोठी शस्त्रक्रिया एवढ्यासाठी अक्कांचा अर्ज केला आणि भावाची लेखी संमती जोडली. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. त्यासाठी अक्कांना वही घालून दिली आहे, तेलुगूत.

याच कायद्याखालच्या निरामय आरोग्य विम्यात चिन्नाचं नाव घातलं. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आधीच्या आजारांची तपासणी नाही, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही समावेश. दाढेचा खर्च तोवर होऊन गेला होता, तो मिळाला नाही. बिलं जपून ठेवणं हे आता भावाचं काम आहे. तो मोबाईलवर फोटो मागवून घेतो आणि अर्ज तोच भरतो. वसतिगृहाचं बोलणं त्यानंतर त्यानं काढलेलं नाही.

विडी कामगार कुटुंबांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. अक्कांचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत सभासदाच्या मृत्यूनंतर कायमस्वरूपी आणि पूर्णपणे दिव्यांग असलेल्या मुलाला वयाची अट न लावता आयुष्यभर पेन्शन मिळण्याची तरतूद आहे. पण कुटुंबाच्या नोंदीत मुलाचं नाव आणि त्याच्या दिव्यांगत्वाची नोंद असली, तर पुढची वाट सोपी होते. अक्कांच्या नोंदीत फक्त मयत नवऱ्याचं नाव होतं. आता चिन्नाचं आहे. तुमच्या घरी असं कोणी असेल तर आईच्या हयातीतच ही नोंद बघून घ्या.

आज

चिन्ना सकाळी मामांच्या गोदामात जातो, दुपारी आशाताईंच्या वस्तीफेरीच्या वेळेला घरी येतो. बाहेरून कडी लावणं बंद झालं आहे. फिट्स कमी झाल्या, थांबलेल्या नाहीत. गर्दीत तो अजून हात चावतो, म्हणून यंदा गड्ड्यावर त्याला दुपारीच नेऊन आणलं. कोणाकडे कोणतं काम हे एका पानावर लिहून सगळ्यांना दिलं आहे आणि दर तीन महिन्यांनी बसतो.

मामांच्या ऑर्डरी कमी झाल्या तर काय, यासाठी कार्यशाळेत त्याचं नाव प्रतीक्षेत आहे. अक्कांच्या कमरेचं दुखणं वाढतंय. त्या दोन रात्री दवाखान्यात राहिल्या किंवा गावाला गेल्या तर चिन्नाला ठेवायचं कुठे, याची सोय अजून झालेली नाही. मामी तयार आहेत, पण रात्री फिट आली तर याची त्यांना धास्ती वाटते. म्हणून पुढच्या महिन्यात अक्का घरात असतानाच मामी एक रात्र तिथे राहून बघणार आहेत.